मंडळी उभी करणाऱ्या सेवकाचे रोजचे जीवन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी मंडळी, म्हणजे ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांचा स्थानिक समूह, सुरू करायच्या विचारात असलेले, सुरू करून वर्ष-दोन वर्षे झालेले आणि त्यांच्या घरची माणसे हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. उत्तरांमध्ये एक कसोटी सारखी येईल, ती आधीच सांगतो. आज आपण जे सुरू करतो आहोत, ते आपण इथून गेल्यावर इथलेच विश्वासणारे स्वतःच्या बळावर चालवू शकतील का? उत्तर "नाही" असेल, तर ते काम कितीही चांगले दिसले तरी सुरू करताना दोनदा विचार करावा.

मंडळी-स्थापक आणि पाळक यांच्या कामात फरक काय?

पाळक उभ्या असलेल्या मंडळीची काळजी घेतो. मंडळी-स्थापक जिथे मंडळी नाही तिथे सुरुवात करतो आणि ती दुसऱ्यांच्या हाती सोपवेपर्यंत काम करतो. सोपवणे हा या कामाचाच भाग आहे. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये १४:२१-२३ मध्ये सुरुवातीच्या काळातले सेवक पौल आणि बर्णबा लुस्त्र, इकुन्या आणि अंत्युखिया येथे परत जातात, शिष्यांना स्थिर करतात, प्रत्येक मंडळीत वडील (मंडळीची देखरेख करणारे पुढारी) नेमतात आणि त्यांना प्रभूच्या हाती सोपवून पुढे निघतात.

किती काळ राहायचे याचा ठरलेला आकडा नाही. पौल करिंथात दीड वर्ष राहिला (कृत्ये १८:११), इफिसात सुमारे तीन वर्षे (२०:३१), तर फिलिप्पैत त्याहून बराच कमी. काळ बदलला, क्रम मात्र तोच राहिला: सुवार्ता सांगणे, विश्वास ठेवणाऱ्यांना एकत्र आणणे, शिकवणे, वडील नेमणे, सोपवणे.

नोकरी सांभाळून हे काम करता येते का?

येते, आणि अनेक ठिकाणी तेच जास्त टिकते. पौलाने करिंथात अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू करण्याचा धंदा केला (कृत्ये १८:३). थेस्सलनीकाकरांनाही तो आठवण करून देतो की कोणावर भार पडू नये म्हणून आपण रात्रंदिवस कष्ट केले (१ थेस्सल. २:९). त्याच पौलाने फिलिप्पैच्या मंडळीकडून मदतही घेतली (फिलिप्पै. ४:१५-१६). म्हणून दोन्ही वाटा खुल्या आहेत.

नोकरीचा मोठा फायदा असा की माणसांशी रोज खरा संबंध येतो. दिवसभर घरी बसून अभ्यास करणाऱ्या सेवकाला महिनोन्‌महिने नवा माणूस भेटत नाही, असे घडते. तोटा थकव्याचा. आठवड्याला ४० तास नोकरी असेल तर सेवेला १२ ते १५ तासांच्या वर देऊ नका. त्यापुढचे तास घरातून आणि झोपेतून येतात आणि त्याची किंमत साधारण दुसऱ्या वर्षी मोजावी लागते.

आठवडा कसा आखावा?

आधी न हलणाऱ्या गोष्टी लिहा: नोकरी, झोप, घरच्यांसाठी राखलेल्या दोन संध्याकाळी आणि विसाव्याचा एक पूर्ण दिवस. रविवार हा तुमच्या कामाचा दिवस आहे, त्यामुळे विसावा दुसऱ्या दिवशी घ्यावा लागेल. तो दिवस मंडळीला जाहीर सांगा, नाहीतर सगळ्यात जास्त फोन त्याच दिवशी येतील.

उरलेल्या १२-१५ तासांत संदेशाची (रविवारच्या प्रवचनाची) तयारी चार ते पाच तास, भेटी चार तास, पुढे जबाबदारी घेणाऱ्या दोघा-तिघांसोबत दोन तास, घरातला वचन-अभ्यास (गटाने बायबल वाचणे) दोन तास. उपासना आणि हिशेब उरलेल्या वेळात. सुरुवातीच्या सेवकांची सर्वसाधारण चूक म्हणजे संदेशाला दहा-बारा तास देणे. संदेश उत्तम होतो, पण ऐकायला तीच आठ माणसे असतात, कारण भेटीला वेळच उरलेला नसतो. पहिल्या वर्षी एक भेट कमी करण्यापेक्षा संदेश दहा मिनिटांनी कमी केलेला बरा.

संदेशाच्या तयारीतच बायबल वाचून होते. वेगळे वाचायला हवे का?

हवे. संदेशासाठी वाचताना मन "हे त्यांना कसे सांगू" याकडे धावते आणि "हे मला काय सांगते" हा प्रश्न बाजूला पडतो. काही महिन्यांत वचन हे नुसते कामाचे साहित्य होते. यावर साधा उपाय म्हणजे संदेशाचा भाग आणि स्वतःच्या वाचनाचा भाग कधीही एक नसावा. रविवारी योहान शिकवत असाल तर सकाळी यिर्मया वाचा.

प्रार्थनेसाठी स्तोत्रसंहितेचा आधार घ्या. १५० स्तोत्रे आहेत; रोज पाच घेतली की ३० दिवसांत पूर्ण होतात. ११९ वे फार मोठे आहे, त्याला स्वतंत्र दिवस दिला तरी चालेल. स्वतःचे शब्द संपतात त्या दिवसांत ही स्तोत्रे तोंडात शब्द देतात. त्यांत स्तुतीइतकीच तक्रारही आहे आणि देवाला तक्रार ऐकवण्याची मुभा सेवकालाही आहे.

प्रार्थनेची यादी माणसांच्या नावांची असावी, कार्यक्रमांची नव्हे. एका दिवशी पाच-सहा नावे पुरेत. नावापुढे काय मागितले ते एका ओळीत लिहून ठेवा, म्हणजे उत्तर आले की आभार मानायचे राहत नाही.

मन कोरडे पडले, प्रार्थना नकोशी झाली, तर?

१ राजे १९ सावकाश वाचा. एलीया संदेष्टा मरण मागतो तेव्हा देव त्याला आधी झोपू देतो, खायला देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला देतो. बोलणे आणि नवे काम त्यानंतर येते. म्हणून पहिली तपासणी शरीराची करा: गेल्या दोन आठवड्यांत झोप किती, जेवणे वेळेवर की उभ्या उभ्या, विसाव्याचे दिवस किती बुडाले. मग मनाची: कोणाबद्दल राग धरला आहे का, काही लपवले आहे का. मंडळीबाहेरचा एक अनुभवी सेवक असा ठेवा ज्याच्याशी महिन्यातून एकदा उघड बोलता येईल. तो तुमच्या पगाराचा किंवा नेमणुकीचा निर्णय घेणारा नसावा. तसा असेल तर माणूस खरे बोलत नाही.

दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त काळ झोप उडाली, कशातच रस उरला नाही तर डॉक्टरांकडे जा; जगणे नकोसे वाटू लागले तर लगेच जा. नैराश्य हा आजार आहे. तो विश्वासाच्या कमतरतेचा पुरावा नाही.

पहिली माणसे कशी भेटतात?

बहुतेक वेळा कोणीतरी आपले घर उघडते आणि तिथून वाट सुरू होते. लूक १०:५-७ मध्ये येशू शिष्यांना शांतिप्रिय माणसाच्या घरी राहायला सांगतो, घरोघर फिरू नका म्हणतो. फिलिप्पैत ते घर लुदियेचे होते. ती नदीकाठच्या प्रार्थनेच्या जागी भेटली, तिच्या घराण्याचा बाप्तिस्मा झाला आणि पुढे बंधुजन तिच्याच घरी भेटले (कृत्ये १६:१३-१५, ४०).

नव्या भागात पहिले तीन महिने ऐकण्यासाठी ठेवा. लोक कुठे बसतात, कशाची चिंता करतात, कोणाचा शब्द मानतात हे वहीत लिहा. आधीपासून कोणत्या मंडळ्या आहेत ते शोधून त्यांच्या पाळकांना स्वतःहून भेटा. पौलाची धडपड दुसऱ्याच्या पायावर न बांधण्याची होती (रोम. १५:२०). दुसऱ्या मंडळीतले लोक तुमच्याकडे आले तर त्यांना आधी आपल्या पाळकाशी बोलून यायला सांगा. रागावून आलेला माणूस तोच राग घेऊन पुढेही निघून जातो.

घरातल्या वचन-अभ्यासात नेमके काय करायचे?

मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करा. १६ अध्याय आहेत, कथन वेगवान आहे. त्याचे ३० ते ३५ भाग पाडले तर आठवड्याला एक धरून सुमारे आठ महिने लागतात. म्हणजे एक भाग साधारण २० ओव्यांचा होतो.

भाग दोनदा मोठ्याने वाचा, दोन वेगवेगळ्या माणसांनी. मग पुस्तके बंद करून एकाने तो आपल्या शब्दांत सांगायचा आणि इतरांनी सुटलेले भरायचे. वाचता न येणाऱ्या माणसालाही यात बरोबरीचे स्थान मिळते, आणि पुष्कळदा त्यांचीच स्मरणशक्ती सगळ्यांत चांगली असते. नंतर चार प्रश्न: इथे देवाबद्दल काय दिसते? माणसाबद्दल काय दिसते? या आठवड्यात मी काय पाळणार? हे कोणाला सांगणार? पुढच्या बैठकीची सुरुवात "पाळले का?" या प्रश्नाने करा. हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो म्हणून तो गळतो, आणि तो गळला की अभ्यास फक्त चर्चेचा होतो.

एक तास, फार तर ७५ मिनिटे. तुम्ही एकूण वेळेच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त बोलत असाल तर तो अभ्यास तुमच्याशिवाय चालणार नाही. १२ ते १५ माणसांच्या पुढे गट गेला की दोघे-तिघेच बोलतात आणि बाकीचे गप्प बसतात, तेव्हा दोन गट करा. गट फोडण्याआधी किमान दोन महिने नव्या चालकाकडून चालवून घ्या, तुम्ही फक्त बसा.

सर्वांसाठी खुली उपासना कधी सुरू करावी?

घाई होते ती इथेच. फलक लागतो, वाद्ये येतात, पहिल्या रविवारी पाहुणे भरतात आणि सहाव्या रविवारी सेवक, त्याचे कुटुंब आणि चार जण उरतात. कारण सरळ आहे: स्वागत, गायन, मुले, मांडणी, प्रार्थना या प्रत्येक कामाला दर आठवड्याला माणूस लागतो. नियमित येणारी, अर्पण देणारी आणि एक काम अंगावर घेणारी निदान आठ-दहा प्रौढ माणसे होईपर्यंत घरातच भेटा. याला सहा महिने ते वर्ष लागते, कधी जास्तही.

सुरू केल्यावर ७५ ते ९० मिनिटे पुरेशी आहेत. गाणी तीन-चार, वाद्याशिवायही म्हणता येतील अशी, आणि पट्टी सामान्य गळ्याला झेपेल इतकी खाली. नवे गाणे महिन्यातून एकच, आणि ते सलग तीन रविवार घ्या. खुर्च्या येणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा कमी मांडा आणि जादा भिंतीशी रचून ठेवा. रिकाम्या रांगा बोलणाऱ्याचे आणि ऐकणाऱ्याचे, दोघांचेही मन खचवतात. उलट, खोली ८० टक्के भरली की नव्या माणसाला ती पूर्ण भरलेली वाटते, तेव्हा पुढच्या जागेचा विचार करावा.

स्वतःची इमारत हवी का?

सुरुवातीला नको. नव्या करारातल्या मंडळ्या घरांत भेटत: अक्विला-प्रिस्किल्लाच्या घरी (रोम. १६:५), नुंफेच्या घरी (कलस्सै. ४:१५), फिलेमोनाच्या घरी. इफिसात पौलाने तुरन्नाच्या पाठशाळेत दोन वर्षे रोज संवाद केला (कृत्ये १९:९-१०). फरात नदीकाठच्या दुरा-युरोपस येथे, आजच्या सीरियात, तिसऱ्या शतकातले एक घर उत्खननात सापडले. दोन खोल्यांमधली भिंत काढून सभेसाठी दालन केले होते आणि एका खोलीत बाप्तिस्म्याचे कुंड होते. बाहेरून ते राहते घरच होते.

भाड्याची जागा घेताना भाडे स्थानिक अर्पणाच्या एक तृतीयांशाहून जास्त नसावे. बाहेरच्या मदतीवर मोठे सभागृह घेतले की मदत थांबलेल्या महिन्यात मंडळी रस्त्यावर येते, आणि लोकांना वाटते की देवाचे कामच बंद पडले.

बाप्तिस्म्याआधी काय तयारी करून घ्यावी?

शिकवण मंडळीच्या परंपरेप्रमाणे बदलेल. शिंपडून देणारे आणि बुडवून देणारे दोघेही आहेत. सहा ते आठ बैठका मात्र घ्याव्यात: देव कोण, पाप, ख्रिस्ताचा मृत्यू आणि पुनरुत्थान, पश्चात्ताप व विश्वास, बाप्तिस्म्याचा अर्थ, मंडळीतले जीवन, प्रभुभोजन. त्या माणसाला स्वतःची साक्ष (आपण विश्वासात कसे आलो ते) तीन मिनिटांत, स्वतःच्या शब्दांत सांगता आली पाहिजे. घरचे काय म्हणतील याविषयी आधी मोकळेपणाने बोला. कोणाच्या दबावाने, कोणाला खूश करण्यासाठी किंवा कसल्या मदतीच्या आशेने कोणी पुढे येत असेल तर थांबवा. जिथे नोंदणीचा किंवा कळवण्याचा कायदा आहे तिथे तो पाळा.

बुडवून देत असाल तर पाणी कमरेइतके, तळ आधी चालून पाहिलेला, वाहत्या पाण्यात माणसाचे डोके प्रवाहाच्या वरच्या बाजूला. कपडे गडद आणि जाड. पाण्याची भीती, फेफरे, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया याबद्दल आदल्या दिवशी विचारा. सोबत एक मदतनीस पाण्यात आणि एक काठावर टॉवेल घेऊन असावा. गुडघे वाकवायला सांगितले की भारी माणूसही सहज खाली जातो आणि वर येतो.

पैशांचा व्यवहार कसा ठेवावा?

मंडळी-स्थापकाने अर्पणाला हात लावू नये. हा नियम पहिल्या रविवारपासून, अर्पण अगदी थोडे असतानाही. नंतर लागू केला तर तो कोणावर तरी आलेल्या संशयामुळे केला असे लोकांना वाटते.

मोजणी दोघांनी करायची. ते एकाच घरातले नसावेत आणि सेवकाच्या नात्यातले तर मुळीच नसावेत. मोजणी त्याच खोलीत, सगळे पांगण्याआधी. वहीत तारीख, रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत, दोघांच्या सह्या. पैसे पुढच्या कामाच्या दिवशी मंडळीच्या स्वतंत्र बँक खात्यात भरावेत. खात्यातून काढायला दोन सह्या. दर महिन्याला जमा-खर्च वाचून दाखवा आणि प्रश्नांना वेळ द्या. २ करिंथ. ८:१८-२१ मध्ये यरुशलेमसाठी जमवलेले दान नेताना पौल आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला बंधू पाठवतो, म्हणजे कोणाला दोष ठेवायला जागा राहू नये. प्रभूपुढेच नव्हे, माणसांपुढेही जे चांगले ते करावे, असे तो सांगतो. पौलाला ही काळजी घ्यावीशी वाटली, मग आपल्याला ती जाचक का वाटावी?

बाहेरून येणारी मदत पहिल्याच दिवशी उतरती ठरवा, उदाहरणार्थ चार वर्षांत दरवर्षी एक चतुर्थांशाने कमी. अमेरिकन मिशनरी जॉन नेव्हियस यांनी चीनमधल्या अनुभवावरून हाच आग्रह धरला होता: नव्या विश्वासणाऱ्यांनी आपापल्या व्यवसायात राहावे आणि मंडळीने आपला खर्च आपण उचलावा. १८९० मध्ये त्यांनी कोरियातल्या तरुण मिशनऱ्यांना ही पद्धत समजावून दिली आणि तिथल्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांनी ती स्वीकारली.

गरजूंना मदत करताना कोणती काळजी घ्यावी?

मदत आणि उपासनेतली हजेरी यांचा संबंध कधीही जोडू नका. जो येत नाही आणि कधी येणार नाही, त्यालाही तीच मदत, त्याच मापाने. मदतीचा निर्णय तीन माणसांनी मिळून घ्यावा. एकट्या सेवकाच्या हाती ते ठेवले की त्याच्याभोवती मागणाऱ्यांची रांग लागते आणि खरी मैत्री अशक्य होते. रोख देण्याऐवजी शक्य तिथे गरजेची वस्तू किंवा थेट बिल भरावे.

आजाऱ्यांसाठी प्रार्थना करताना?

घरी जा, आजाऱ्याला विचारून हात ठेवा, थोडक्यात प्रार्थना करा, दहा-पंधरा मिनिटांत निघा. याकोब ५:१४ मंडळीच्या वडिलांना बोलावण्याविषयी सांगते, म्हणून एकटे न जाता कोणाला तरी सोबत घ्या. औषध बंद करा असे कधीही, कोणत्याही कारणाने सांगू नका. रक्तदाब, मधुमेह, फेफरे किंवा मानसिक आजाराचे औषध अचानक थांबले तर जीव जाऊ शकतो. बरे झाल्याची साक्ष डॉक्टरांची तपासणी झाल्यावर आणि त्या माणसाच्या संमतीनेच द्यावी.

पती किंवा पत्नी आणि मुलांवर किती भार पडतो?

पुष्कळ, आणि तो दिसत नाही. सेवकाची पत्नी ही मंडळीची बिनपगारी नोकर नाही. तिला (किंवा त्याला) कोणती जबाबदारी हवी ते स्वतः ठरवू द्या आणि "काहीच नको" हेही उत्तर स्वीकारा. बैठका घरी होत असतील तर संपण्याची वेळ ठरवा आणि एक खोली अशी ठेवा जिथे कोणीही पाहुणा जात नाही. मुलांचे किस्से त्यांना विचारल्याशिवाय संदेशात सांगू नका. मुलांनी उपासनेत इतर मुलांसारखेच वागावे, जास्त चांगले वागण्याची सक्ती नको. या सक्तीतून विश्वासाबद्दलच राग साठतो.

मुलांच्या वर्गासाठी काय नियम हवेत?

प्रत्येक वर्गात नेहमी दोन प्रौढ, एकमेकांच्या नात्यातले नसलेले. दार उघडे किंवा काचेचे. नव्या माणसाला सहा महिने ओळख झाल्याशिवाय मुलांत काम देऊ नका. अत्याचाराची शंका आली तर ती मंडळीत "मिटवू" नका, त्याच दिवशी कायद्याने नेमलेल्या यंत्रणेला कळवा. असे प्रकरण दाबले की मुलाचे आयुष्य मोडते आणि दोषी दुसरे मूल शोधतो.

मंडळीत वाद झाला तर?

मत्तय १८:१५-१७ चा क्रम पाळा: आधी एकांतात दोघांमध्ये, मग एक-दोन साक्षीदार, मग मंडळी. तक्रार घेऊन आलेल्याला पहिला प्रश्न: "तुम्ही त्याच्याशी बोललात का?" निनावी तक्रार ऐकून घेऊ नका. (अत्याचाराची गोष्ट यात येत नाही, तिथे वरचा नियम.) वाद मोबाइलवरच्या संदेशांत सोडवायला जाऊ नका, आठवड्याच्या आत समोरासमोर भेटा. सहकाऱ्यांत, मार्क या साथीदारावरून पौल आणि बर्णबा यांचे जसे बिनसले तसे बिनसू शकते. त्या वेळी ते वेगळे झाले, पण पुढे पौलानेच मार्काला बोलावून घेतले (२ तीमथ्य ४:११). वेगळे व्हावे लागले तर परतीची वाट तोडणारे शब्द टाळावेत.

वडील कधी नेमावेत?

१ तीमथ्य ३ मध्ये वडील नवशिका नसावा अशी अट आहे. तीताला लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायातल्या यादीत ती अट नाही, आणि तीत जिथे काम करत होता त्या क्रेत बेटावरच्या मंडळ्या नव्याच होत्या. यावरून दिसते की नव्या मंडळीत "नवशिका" हे तिथल्या इतरांच्या तुलनेत पाहावे लागते, पण चारित्र्याच्या अटी दोन्हीकडे आहेत. बोलका माणूस लगेच डोळ्यांत भरतो. त्याऐवजी पाहा: घरात कसा वागतो, पैशात खरा आहे का, टीका ऐकून घेतो का, कोणी सांगितले नसताना आजाऱ्याकडे गेला होता का. किमान तिघे मिळेपर्यंत थांबा. एकच वडील नेमला की तो मालक होतो.

शिकवताना चार पायऱ्या: तो पाहतो, तो तुमच्यासोबत करतो, तो करतो आणि तुम्ही पाहता, तो करतो आणि तुम्ही तिथे नसता. शेवटच्या पायरीसाठी वर्षातून दोन-तीन वेळा मुद्दाम सलग तीन रविवार बाहेर राहा. परत आल्यावर काय अडले ते विचारा आणि तेवढेच शिकवा.

संख्या वाढतच नाही. थांबावे का?

लावणारा एक, पाणी घालणारा दुसरा, वाढ देणारा देव, हे १ करिंथ. ३:६ मध्ये स्पष्ट आहे. तरीही प्रामाणिक तपासणी हवी. गेल्या सहा महिन्यांत विश्वास न ठेवणाऱ्या किती माणसांशी तुमची खरी ओळख झाली? अभ्यास दुसरे कोणी चालवते का? एखाद्याच्या घरात, कामात काही बदललेले दिसते का? तिन्हींची उत्तरे चांगली असतील तर संख्या लहान असली तरी चालू ठेवा. तिन्ही रिकामी असतील तर पाठवणाऱ्या मंडळीसोबत बसून मुदत ठरवा. बंद करायची वेळ आली तर प्रत्येक कुटुंबाला दुसऱ्या मंडळीत स्वतः सोबत नेऊन ओळख करून द्या, हिशेब पूर्ण वाचून दाखवा आणि शिल्लक कुठे द्यायची ते सर्वांनी मिळून ठरवा.

सोपवून दिल्यानंतर संपर्क किती ठेवावा?

पहिले सहा महिने त्या मंडळीत संदेश देऊ नका. कोणी जुन्या सवयीने तक्रार घेऊन आले तर वडिलांकडे पाठवा आणि नंतर "काय झाले?" असे विचारूही नका. वडिलांनी बोलावले तर जा, त्यांच्या बैठकीत पाहुणा म्हणून बसा. खात्यावरची सही, जागेच्या कराराची कागदपत्रे, किल्ल्या आणि मंडळीच्या फोन-गटाचे व्यवस्थापन हे सगळे निघण्याआधीच्या महिन्यात नव्या माणसांच्या नावावर करून घ्या.